‘बायका कुठं बिडी ओढतेत जी?’ गरोदरपणात बिडी, गुडाखू, खर्रा: या चुका टाळा

धान पट्ट्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी बरीच वर्षं नर्स म्हणून काढली. नवीन गरोदर बाई नोंदणीला आली की प्रश्न ठरलेले. पाळी कधी चुकली, आधीची बाळंतपणं किती, घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) कुणाला आहे का, आणि शेवटी, बिडी-सिगारेट ओढता का? या शेवटच्या प्रश्नाला समोरची तोंडाला पदर लावून हसायची. “काय जी सिस्टर, बायका कुठं बिडी ओढतेत?” मीही हसायचे, ‘नाही’ लिहायचे आणि वजनकाट्याकडे वळायचे.

असंच ‘नाही’ लिहिलेल्या एका पहिलटकरणीला १ किलो ९०० ग्रॅमची मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेले, रक्तवाढीच्या गोळ्या घेतलेल्या, रक्तदाब बरा, काही आजार नाही. घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या भेटीला मी आशाताईसोबत सकाळी सातलाच पोचले. बाळंतीण दाराच्या पायरीवर बसलेली. मांडीवर उघडी डबी, उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं. गुडाखू घासत होती. आम्ही आत गेलो, पोरीला झोळीच्या काट्याला अडकवून वजन केलं, नाळ बघितली, अंगाला हात लावून ऊब पाहिली, तरी हिची चूळ भरून झाली नव्हती. आत चुलीजवळ तिचे सासरे निखाऱ्यावर बिडी पेटवत होते. पोरीची खाट तिथून चार हातांवर.

मी विचारलं, तू तर तंबाखू घेत नाही म्हणाली होतीस? तिला खरंच नवल वाटलं. “हे तं दात घासाचं हाये सिस्टर. तमाखू कुठं हाये?”

ती खोटं बोलली नव्हती. मीच चुकीचं विचारलं होतं. तेव्हापासून मी नोंदणीच्या वेळी विचारते, सकाळी दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? आणि घरात बिडी कोण ओढतं, कुठं बसून? उत्तरं एकदम वेगळी येतात.

‘ओढत नाही, नुसती घासते’

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. विदर्भात पूर्वेकडे गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरच्या गावांत गुडाखू आणि नस (तंबाखूची बारीक पूड); इतरत्र मिस्री; आणि नागपूरपासून थेट शेवटच्या पाड्यापर्यंत खर्रा. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा. मिस्री म्हणजे तव्यावर जाळून कुटलेला तंबाखू. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला. नावं निरनिराळी, आतला माल एकच.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांत धूर ओढणाऱ्या १.४ टक्के निघाल्या, आणि बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे सहा बायकांत एक. त्यामुळे ‘गरोदरपणात धूम्रपान करू नका’ असं लिहिलेल्या पाटीखाली बसून आमच्या बायका निवांत डबी उघडतात, कारण ती पाटी त्यांच्यासाठी नाहीच असं त्यांना वाटतं.

हिरडी पातळ असते, तिथून तंबाखूतलं निकोटीन थेट रक्तात उतरतं. ते वारेतून पलीकडे जातं आणि बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षा किंचित जास्तच भरतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झालेला. त्यात तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मिस्रीवाल्या होत्या. त्यांची बाळं न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती, आणि दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. दात घासण्यापलीकडे त्या बायकांनी काही केलेलं नव्हतं.

बिडीचा धूर आत जाऊन नेमकं काय करतो

आपल्या भागात नहराचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत कसं पोचतं, हे सांगायला नको. वर कुणी गेट खाली केलं की मधल्यांचं कसंबसं निभतं, टेलची बांधी कोरडी. पोटातलं बाळ टेलला आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे गेट खाली येतं आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. गुडाखू-खर्रा एवढंच करतात, तेवढंही पुष्कळ आहे. बिडी-सिगारेट त्यात भर घालते ती कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त जोराने चिकटतो. मग जे रक्त टेलपर्यंत पोचतं, त्यातही प्राणवायू कमीच. आधीच हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या बाईच्या बाळाचं काय होत असेल, ते हिशेबानेच कळेल.

आईने स्वतः धूर ओढला तर बाळाचं वजन सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. गर्भपात, पोटात बाळ दगावणं, वार आधीच सुटून रक्तस्राव होणं, वार खाली येणं, पाणी लवकर जाणं, गर्भ नळीत राहणं, या सगळ्यांचा धोका वाढतो. जन्मानंतर त्या मुलांची फुप्फुसं कमजोर राहतात, दमा आणि छातीचे आजार जास्त होतात.

ओठ फाटलेलं बाळ जन्मलं की गावात पहिला प्रश्न येतो, ग्रहणात विळी हातात घेतली होती का? ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याची कारणं अनेक आहेत, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. पण सुरुवातीच्या आठवड्यांतला बिडी-सिगारेटचा धूर हे त्यांतलं एक नक्की माहीत असलेलं कारण आहे. ओठ जुळण्याचं काम दुसऱ्या महिन्यातच उरकतं. तेव्हा कित्येक जणींना आपल्याला दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं त्याच दिवशी डबी आणि बिडी दोन्ही बंद.

‘बाळ लहान राहिलं तं बाळंतपण सोपं होते’

ही समजूत मी इतक्या सासवांच्या तोंडून ऐकली आहे की सुरुवातीला मलाच वाटायचं, यात काहीतरी तथ्य असेल. काही घरांत यासाठी सुनेला सातव्या महिन्यापासून भात कमी वाढतात. गुडाखूने भूक मरते, हे बायकांना चांगलं माहीत आहे. रोवणीच्या दिवसांत सकाळी आठला चिखलात उतरलेली बाई दुपारी दोनपर्यंत त्याच एका बोटावर काढते.

पण हलकं बाळ म्हणजे सुटसुटीत बाळ नव्हे. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. आमच्या त्या पोरीचंच सांगते. १९०० ग्रॅम वजन आणि दिवस जानेवारीचे. तिचे तळपाय कितीही गुंडाळले तरी गार पडायचे, कारण अंगात चरबीच नाही. छातीला लावलं की चार घोट ओढायची आणि दमून झोपायची. झोपली की भूक लागल्याचं रडून सांगण्याइतकंही बळ नाही. दर दोन तासांनी तळव्यावर टिचकी मारून उठवायचं, वाटी-चमच्याने आईचं काढलेलं दूध पाजायचं, परत छातीशी बांधायचं. अशा बाळाची साखर पटकन उतरते, कावीळ लवकर चढते, न्यूमोनियाला वेळ लागत नाही. सोपं काय झालं? बाळंतपणाचे चार-सहा तास कदाचित. आणि तेही नाही, कारण वार लवकर सुटली तर आईच्याच जिवावर बेततं.

असं लहान बाळ घरी असेल तर त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून कपड्याने बांधून ठेवा. दवाखान्यात याला कांगारू मातृसेवा म्हणतात. आई दमली तर बापाच्या किंवा आजीच्या छातीशीही चालतं. गरम विटा, शेगडी, खाटेखाली निखारे, हे नको. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं, श्वास फार भरभर चालला किंवा छाती खाली खोल जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. जिल्हा रुग्णालयात अशा नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो.

‘मामाजी दारातच ओढतेत’

मामाजी म्हणजे सासरे. घरातल्या माणसाच्या बिडीबद्दल सून बोलू शकत नाही. हा प्रश्न आरोग्याचा कमी आणि घरातल्या पायरीचा जास्त आहे. म्हणून तिला ‘तुम्ही धुरापासून दूर राहा’ असं सांगणं मला अर्थहीन वाटतं. दूर म्हणजे कुठं? एक खोली, एक छपरी आणि बाहेर पाऊस.

दारात बसून ओढलेल्या बिडीचा धूर वाऱ्याने आतच येतो. खिडकीत उभं राहून ओढली तरी तेच. बिडीला फिल्टर नसतो, तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी माणूस सिगारेटपेक्षा जास्त वेळा झुरका मारतो. त्यातून निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच येतं. ‘बिडी म्हणजे झाडाचं पान, सिगारेट कागदाची, म्हणून बिडी बरी’ हे खरं नाही. दुसऱ्याचा धूर रोज श्वासात जाणाऱ्या गरोदर बाईच्या बाळाचं वजन घटतं आणि मेलेलं मूल जन्माला येण्याचा धोकाही वाढतो.

हे सुनेने नव्हे, तिसऱ्याने सांगायचं असतं. नवऱ्याने सांगितलं तर उत्तम, पण नवराही बहुधा बापासमोर मान वर करत नाही. मी स्वतः जायचे आणि सुनेचं नावच काढायचे नाही. एका म्हाताऱ्याला म्हटलं होतं, “बाबा, नातू तुमचा. वजन कमी भरते म्हणून डॉक्टर मले बोलतेत. तुमी बिडी सोडा म्हणत नाही, पण बाभळीपाशी जाऊन ओढसान का?” म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पाण्यापावसात?” मी म्हटलं, हो, पाण्यापावसात. छत्री घेऊन जायचा. दिवसाच्या दहा बिड्यांवरून चारवर आला, कारण प्रत्येक वेळी चिखल तुडवत कोण जाणार! त्याने सोडावी म्हणून मी कधी भाषण दिलं नाही, आणि दिलं असतं तर त्या चारही परत घरात आल्या असत्या.

बिडी ओढून आल्यावर हात-तोंड धुवावं, अंगावरचं उपरणं किंवा घोंगडी बदलावी, मगच बाळाला घ्यावं. कापडात धुराचा अंश राहतो.

‘आता दोनवर आणली’

कमी केली हे चांगलं, पण तिथं थांबू नका. दोन बिड्यांनाही सुरक्षित म्हणता येत नाही. शिवाय कमी करणारा माणूस उरलेली बिडी जास्त खोल ओढतो आणि जास्त वेळ टिकवतो. डबीचंही तसंच: चार वेळांची दोन वेळा झाली, पण प्रत्येक वेळ अर्ध्या तासाची झाली.

‘सहावा महिना लागला, आता सोडून काय फायदा’

फायदा आहे, आणि तो लवकर दिसतो. शेवटची बिडी विझली की एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. पोटातल्या बाळाला लगेच जास्त प्राणवायू मिळू लागतो. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत सोडणाऱ्यांच्या बाळांचं वजन न ओढणाऱ्यांच्या बाळांच्या जवळपास येतं. त्यानंतर सोडली तरी उपयोग होतोच, कारण बाळाचं वजन खरं भरतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. धानाच्या लोंबीत दाणा भरायची वेळ असते तसंच. त्या वेळी पाणी मिळालं पाहिजे.

याचीच उलटी चूक म्हणजे ‘पहिल्या पोराच्या वेळी खात होती, तो तं पहिलवान झाला’. झाला असेल. फाटकी टायर घेऊनही माणूस नागपूरला जाऊन येतो.

एक सोडून दुसरं धरणं

खर्रा सोडला आणि नुसती सुपारी सुरू केली, हे मी सगळ्यात जास्त पाहिलं आहे. बाईला वाटतं तंबाखू गेला, सुटलो. पण सुपारीतलं अरेकोलीन नावाचं द्रव्यही वारेतून बाळाकडे जातं, आणि सुपारी चघळणाऱ्या आयांची बाळंही हलकी आढळतात. ‘विदाउट’ (म्हणजे तंबाखूशिवायची) म्हणून मिळणारी पुडी, गोड सुपारी, पानमसाला हे सगळं त्याच घरातलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठं मिळते हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे ‘मिळत नाही’ याच्या भरवशावर राहू नका.

तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, भाजलेलं जवस, फुटाणे, आवळ्याची सुकवलेली फोड, खोबऱ्याचा तुकडा. मी जवसाच्या बाजूने आहे, कारण ते बराच वेळ चावावं लागतं आणि घरचंच असतं. डबीच हातात हवी, अशी सवय असलेल्यांना मी डबी रिकामी करून त्यातच भाजलेलं जवस भरायला सांगायचे. ऐकायला पोरकट वाटतं, पण कमरेला डबी नसली की बायकांना काहीतरी हरवल्यासारखं होतं.

निकोटीनची च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. गरोदर बाईने ती स्वतःच्या मनाने आणून खाऊ नये. तिच्यातही निकोटीनच असतं. घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

सोडल्यावर काय बिघडतं, आणि काय करायचं

सोडायला लावणारे पुष्कळ भेटतात, पण चौथ्या दिवशी काय होतं ते कुणी सांगत नाही. बाई घाबरते आणि परत डबी उघडते. म्हणून हे आधीच माहीत असावं.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोराबाळांच्या पाठीत उगाच धपाटा बसतो, रात्री झोप येत नाही. यातून बाळाला काही इजा होत नाही. दोन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत जाते, एवढा वेळ काढायचा. उठून पाणी प्यायचं, अंगणात एक फेरी मारायची, शेजारणीला हाक मारायची.

‘घासल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही गुडाखूवाल्या बायकांची खरी अडचण आहे, बहाणा नाही. निकोटीनने आतडी हलतात, ते बंद झालं की चार-आठ दिवस पोट बांधल्यासारखं होतं. वर रक्तवाढीच्या गोळ्या, त्यांनीही शौचाला कडक होतं. मग बाई दोन्ही एकदम करते: गोळ्या फेकते आणि डबी परत घेते. त्याऐवजी सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भिजवलेले मनुके, आणि पपई सोडून दुसरं कुठलंही फळ. पपईचं नाव मी मुद्दाम घेतलं, कारण ते काढलं की घरात सगळं फिसकटतं. पेरू खा, वाद टाळा. रक्तवाढीची गोळी मात्र बंद करू नका, रात्री जेवणानंतर घ्या, आणि तरीही जमलं नाही तर सिस्टरला सांगा. जुलाबाचं औषध स्वतः आणू नका.

दात दुखतो म्हणून घासणाऱ्या अर्ध्या तरी असतात. तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून आराम वाटतो. कीड आतल्या आत चालूच राहते. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, मऊ ब्रशने घासा, आणि ग्रामीण रुग्णालयात दात दाखवा. गरोदरपणात दातावर उपचार करता येतात, फक्त दिवस गेल्याचं आधी सांगायचं. हिरड्यांतून रक्त येतं ते गरोदरपणात तसंही येऊ शकतं. त्यासाठी राख किंवा नस लावू नका.

मळमळीवर तंबाखू घेणाऱ्याही आहेत. उठल्या उठल्या चहाऐवजी मुरमुरे किंवा कोरडी पोळी खा, आणि थोडं थोडं पण चार-पाच वेळा खा. भूक वाढली तर ती वाढू द्या. कुणी ‘लई खाते’ म्हणालं तर ऐकू येऊ देऊ नका.

सहाव्या दिवशी शेतात कुणीतरी बोटावर लावून दिलं आणि घासलं गेलं, तर सगळं वाया गेलं असं नाही. पुढच्या वेळी घासू नका, एवढंच. रोवणीच्या टोळीत एकटीने सोडणं फार अवघड जातं. दोघी-तिघी मिळून सोडणाऱ्या जास्त टिकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. फोनवर मोफत समुपदेशन १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मिळतं. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ अभियान आहे, त्यांचं तालुक्याला व्यसन उपचार क्लिनिक भरतं.

सिस्टरपासून लपवणं

सासू शेजारी बसलेली असताना कुठलीच सून खरं सांगत नाही. चूक सुनेची नाही, विचारणाऱ्याची. आशाताई आणि नर्सताईंनी वजन करायच्या निमित्ताने तिला आत बोलावून विचारावं. आणि बायकांनो, सांगितलं म्हणून कुठली योजना बंद होत नाही, पैसे अडत नाहीत. सांगितलं तर फायदा असा की बाळाची वाढ जास्त काळजीने पाहिली जाते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, तिथं हे नक्की सांगा. सिकलसेल असलेल्या बाईने तर पहिल्याच भेटीत सांगावं. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, त्यात प्राणवायू कमी पडला की अंग धरतं, आणि बिडीचा धूर नेमकं तेच करतो.

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, पोट दगडासारखं कडक होऊन दुखू लागलं, किंवा पाचव्या-सहाव्या महिन्यापासून जाणवणारी बाळाची हालचाल कमी झाली, तर ‘उद्या बघू’ नको. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी फुकट आहे.

चूल, बिडी वळणं, तेंदूपत्ता

हे तीन प्रश्न हमखास येतात. चुलीच्या धुरात निकोटीन नसतं, पण कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून ओल्या लाकडाची चूल बंद खोलीत नको. सिलिंडर महाग झाला म्हणून कोपऱ्यात ठेवला असेल तर निदान हे नऊ महिने तो बाहेर काढा. घरी बिडी वळणाऱ्या बाईच्या श्वासात तंबाखूचा चुरा जातो. जमेल तर हे काम या दिवसांत दुसऱ्या कुणाकडे द्यावं, नाहीतर ओसरीवर बसून करावं, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि ज्या खोलीत झोपता तिथं तंबाखू ठेवू नये. तेंदूपत्ता तोडण्यात तंबाखूचा काही संबंध नाही, ते नुसतं पान आहे. तिथं भीती मे महिन्याच्या उन्हाची.

बाळंतपण झालं, आता काय हरकत

सव्वा महिन्यानंतर डबी परत येते. नऊ महिने सोडलेल्या बायकाही तेव्हा घसरतात. बाळंतिणीला कुणी तरी प्रेमाने आणूनच देतं.

निकोटीन दुधात उतरतं. पण म्हणून अंगावर पाजणं बंद करणं ही त्याहून मोठी चूक. सुटलं नसेल तरी दूध पाजाच; घासायचंच असेल तर पाजून झाल्यावर, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत मध्ये वेळ जाईल. झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका धुराच्या घरात दुपटीच्या आसपास जातो, आणि बिडी ओढणारं माणूस बाळाला कुशीत घेऊन झोपत असेल तर आणखी वाढतो. बाळाला पाठीवर निजवा. तोंडावर गोधडी येऊ देऊ नका.

आणि बारसं. आपल्याकडे बारशाला बायकांमध्ये सुपारीचं ताट फिरतं, बाहेर पुरुषांत बिडीचे कट्टे आणि खर्रा. पाळणा आत, धूर दारात, आणि पोरगी बारा दिवसांची. त्या १९०० ग्रॅमच्या पोरीच्या बारशाला मी गेले होते. सासऱ्याने दारातच पाहुण्याच्या हातातली पेटती बिडी काढून घेतली आणि बाभळीकडे बोट दाखवलं. पाहुणा चिडला. आत सुपारीचं ताट मात्र फिरलंच, आणि पोरीच्या आईने त्यातून एक खांड उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.